वाळूची भिंत

हातोदच्या पुढे, डांबर संपतं तिथे,
सोरमबाईंनी विटांची पेटी बांधलीय. कमरेएवढी.
भिंतीच्या आत भिंत, मधे चार बोटं फट,
फटीत वाळू,
वाळूला सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन.
वर वाळ्याचं झाकण.
विटा आणल्या होत्या धाकट्याच्या खोलीसाठी.
"होईल खोली," त्या म्हणाल्या,
"पोरगा काही पिवळा पडत नाही."

मी गेले होते थर्मामीटर घेऊन, खात्याचा छापील तक्ता घेऊन.
बाहेर अडतीस, आत सव्वीस.
मी आकडे मोठ्याने वाचले.
त्यांनी एक गिलकं उचललं, गालाला लावलं
आणि म्हणाल्या, "हां."

माझी आई घोसाळं म्हणते.
सुदामानगरात चाळीस वर्षं झाली,
भाजीवाला अजून विचारतो, क्या दूं, माताजी?
आणि ती बोट दाखवते.

तोडलेली भाजीही जिवंत असते, मी पुस्तकात शिकले.
श्वास घेते, तापते, पाणी सोडत जाते.
सोरमबाईंचं म्हणणं वेगळं:
दुपारी तोडलंस तर ऊनही येतं पाटीत बसून,
आणि रात्रभर ते आतून खातं.
म्हणून त्या उजाडता उजाडता तोडतात,
देठ दोन पेरं ठेवून, नख न लावता.
जुन्या लुगड्यावर तीन ढीग: कोवळं, मध्यम, किडकं.
चौथा लहानसा, जून झालेल्यांचा,
तो वाळवायचा, अंग घासायला.
नणंद इंदूरला तीन नेते, दर दिवाळीला.

चोइथराम मंडीत आडत्या मालाकडे बघत नाही,
आभाळाकडे बघतो.
सूर्य चढला की त्याला बोलायचीही गरज नसते,
नुसतं थांबायचं.
थांबणं ही त्याची मालकी.
सोरमबाई बावीस वर्षं त्या थांबण्यासमोर उभ्या राहिल्या,
आणि दहा वाजता, जे मिळेल ते.

एप्रिलातल्या एका मंगळवारी तो म्हणाला, चार रुपये.
त्या म्हणाल्या, "रहने दो."
चार क्रेट भेरूलालच्या टेम्पोत परत चढले.
हमाल हसला. भेरूलालही, जरासा.
मी तक्ता उघडला:
उत्पादन, प्रतवारी, विक्री, नासाडी.
परत नेला, असा रकानाच नव्हता.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं.

ती रात्र माल वाळूच्या आत झोपला.
बुधवारी साडेपाच.
ऐंशी किलो, किलोमागे दीड रुपया, एकशे वीस.
जादा फेरीचं भाडं एकशे दहा.
मी दोनदा मांडून बघितलं, दहाच उरले.
साहेब म्हणाले, दहा रुपयांचा अहवाल होत नाही, बाई,
पुढच्या वेळी टोमॅटो घ्या.

मी हे सोरमबाईंना सांगितलं नाही.
त्यांनीच सांगितलं, वाळूवर पाणी शिंपडता शिंपडता,
मान वर न करता:
"बुधवारी तो काय म्हणाला माहितीय?
कितने में दोगी, बाई?
उसने पूछा.
भाव त्यानेच ठरवला शेवटी,
पण आधी विचारलं."

पुढच्या वर्षी पेटी दोघींची होणार होती,
शेजारच्या कमलीने अर्ध्या विटा देते म्हटलं होतं.
मग तिने शेत बटाईने दिलं आणि पीथमपूरला गेली,
पॅकिंगच्या कामाला.
तिथे खोके असतात, म्हणे, आणि पंखे.

धाकट्याची खोली अजून झालेली नाही.
भर दुपारी तो त्या ओल्या विटांना पाठ लावून झोपतो,
तोंड उघडं, गुडघे पोटाशी.
सोरमबाई बादली घेऊन येतात
आणि हळूहळू ओततात, फटीच्या कडेकडेने,
त्याचा खांदा येतो तिथे
हात जरा उचलून.